रिकामा राहिलेला कोपरा

दिगंबर गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी माझ्या छापखान्यात छपाईच्या दगडासमोर उभा होतो आणि त्याच्याच नावाने बोटं मोडत होतो. हे लिहिताना मला मुळीच लाज वाटत नाही. ज्यांनी ज्यांनी दिगंबरबरोबर एखादं काम केलं आहे त्यांना ठाऊक आहे, की त्याच्याशी संबंध आलेल्या माणसाचा निम्मा दिवस त्याच्यावर चिडण्यात जायचा आणि उरलेला निम्मा त्याची वाट पाहण्यात. त्याच्या शेजारचे गृहस्थ भर दुपारी दारात येऊन उभे राहिले. डोक्यावर टोपी नव्हती. उघड्या डोक्याने माणूस अशा वेळी कशासाठी येतो हे कुणी सांगावं लागत नाही. ते बोलायच्या आधीच मला कळलं. आणि खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता. पहिला विचार आला तो हा, की आता या कोपऱ्यात काय लिहायचं ते कोण सांगणार…

थोडेच दिवस आधी मी त्याला भेटलो होतो. मुदतीचा ताप उतरणीला लागला आहे असं डॉक्टर म्हणत होते, त्यामुळे मी समाचाराला म्हणून गेलोच नव्हतो, भांडायला गेलो होतो. खाटेशेजारी त्याची ती वेताची खुर्ची होती. तिची बैठक मधोमध फाटलेली, म्हणून वर चादरीची घडी टाकलेली, आणि त्या घडीवर तोल सांभाळत कडेकडेने बसायचं. ही खुर्ची विणून घे, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. वेतवाला गल्लीतून ओरडत गेला की दिगंबर त्याला हटकून हाक मारायचा, अंगणापर्यंत बोलवायचा, आणि मग “पुढच्या महिन्यात ये” म्हणून वाटेला लावायचा. तर त्या खुर्चीवर बसून मी त्याला म्हटलं, “रंगांचे सगळे दगड तयार आहेत. शेवटच्या दगडाचा कोपरा तेवढा रिकामा आहे. मूळ काय लिहू?”

“ओळख,” तो म्हणाला.

“मला खेळायला वेळ नाही. शेटचा माणूस रोज येऊन उभा राहतोय.”

“तुला नाही ओळखू येणार, बाबू. बाकी कुणालाही येईल. तुला तेवढं यायचं नाही.” आणि इतक्या तापातून निघालेला तो माणूस उशीत तोंड खुपसून हसायला लागला. मी नमुन्याचा कागद खिडकीशी नेऊन पाहिला, आडवा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. मोरपंखी, हळदी आणि कुंकवी रंगांच्या पट्ट्या एकमेकींच्या खालून-वरून गेलेल्या, मध्ये अष्टकोनी घरं, आणि बरोबर मधोमध एक पांढरी, वेडीवाकडी चांदणी. मला काही उमगलं नाही. मी चिडून म्हटलं, “सांगत नसलास तर ‘मूळ : दिगंबरचा हट्ट’ असं छापून टाकतो.” तो म्हणाला, “छाप की.” आमचं शेवटचं बोलणं ते हे. लोक म्हणतात, शेवटच्या भेटीत रागावून निघालो याची रुखरुख लागते. मला लागलेली नाही. मी गोड बोलून निघालो असतो तर आपलं काही खरं नाही असं त्याला वाटलं असतं.

हा कोपरा काय आणि मूळ काय, हे समजल्याशिवाय दिगंबर समजायचा नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आम्ही शाळेत एका बाकावर बसणारे. चित्रकलेच्या तासाला मास्तरांनी समोर माठ ठेवला, की आम्ही सगळे माठ काढायचो. दिगंबर माठाच्या पोटावरची खरखर काढायचा. पाझरलेल्या पाण्याचे डाग, कुंभाराच्या हाताच्या रेघा, सगळं काही कागदभर. फक्त माठ कुठे नाही. मास्तर विचारायचे, “माठाचा काठ कुठे आहे?” तर हा म्हणायचा, “कागदाच्या बाहेर आहे.” मास्तरांनी त्याला नापास केलं आणि त्याने ते मनालाही लावून घेतलं नाही. त्याच्याबरोबर फिरायला जाणं ही तर मला शिक्षाच होती. किल्ल्याच्या तटाकडून तळ्यापर्यंत चालत जायचं म्हणून आम्ही निघायचो आणि तटापाशीच अंधार पडायचा, कारण तटाच्या एका दगडावर वाळलेलं शेवाळं होतं आणि ते त्याला सोडवत नव्हतं. मी त्याच्या शेजारी उभा राहून पायांची अदलाबदल करत राही. “बघ, बघ,” तो म्हणे. मी बघे. मला शेवाळं दिसे.

पुढे त्याने फोटोचं दुकान काढलं. आता फोटो काढायला लोक येतात ते आपलं तोंड पाहायला, एवढी साधी गोष्ट. पण ती त्याला शेवटपर्यंत पटली नाही. टेंभुर्णीचे एक व्यापारी आपल्या वृद्ध वडिलांना घेऊन आले होते. म्हातारबुवा अंगावर ठेवणीतली शाल घेऊन तासभर न हलता बसले. फोटो तयार झाला तेव्हा शाल अशी उतरली होती की कशिद्याचा टाका न् टाका वेगळा दिसावा, आणि तिच्या वर, जरा धुरकट, म्हातारबुवा होते. व्यापाऱ्यांनी फोटो दाराच्या उजेडात नेऊन पाहिला. मग म्हणाले, “शाल आमच्या घरी हाय की वो. आमाला वडील पायजेत.” दिगंबरने दुसरा फोटो फुकट काढून दिला आणि तो शालीचा फोटो भिंतीवर लावला. अशाने दुकान चालत नसतं. ते चाललंही नाही. सरस्वतीवहिनी, म्हणजे त्याची पत्नी, मला म्हणायच्या, “भावजी, ह्यांना काहीतरी असं काम बघा ना, ज्यात माणसं येणार नाहीत.”

असं काम मिळालं ते मल्लय्याशेटकडून. शेट लुगड्यांचे आणि चादरींचे मोठे व्यापारी. घरी तेलुगू, दुकानात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. त्या काळी चांगल्या लुगड्याच्या पेटीत वरच्या घडीखाली एक रंगीत छापील कागद ठेवायची पद्धत पडली होती. बहुतेक व्यापारी त्यावर लक्ष्मी नाहीतर कृष्ण छापत. शेटची तक्रार अशी, की एक तर दुसऱ्याचा कृष्ण आणि आपला कृष्ण गिऱ्हाइकाला वेगळा ओळखू येत नाही, आणि दुसरं, देवाचं चित्र टाकून देता येत नाही. दुकानात घड्या बदलल्या, पेट्या मोडल्या, की देव उरत. कुणी पायाखाली येऊ देईना, कुणी चुलीत घालू देईना. शेटच्या माळ्यावर देवांचा ढीग साठला होता आणि शेवटी एका एकादशीला ते सगळं गाठोडं नदीवर नेऊन सोडावं लागलं. “मला देव नको,” शेट मला म्हणाले. “राणी नको, वाघ नको. रंगीत पायजे, नुसती नक्षी, आणि दुसऱ्या कुणाकडं नसंल अशी. जमतंय का बघा की.” मी दिगंबरचं नाव सांगितलं. माझ्या आयुष्यातल्या अनेक कटकटी त्या एका वाक्यात सुरू झाल्या.

त्याची रीत अशी होती. एखादी वस्तू घ्यायची आणि तिचा अगदी जवळून फोटो काढायचा, इतका जवळून, की भुईमुगाचं टरफल आहे की डोंगराळ मुलूख, ते कळू नये. मग तो फोटो मोठा करायचा आणि त्याच्यावर दोन आरसे काटकोनात उभे धरायचे. आरशांमुळे एका तुकड्याचे चार होत आणि जिथे काहीच नव्हतं तिथे चौफुला दिसे, चांदणी दिसे, कधी एखादी पायऱ्यांची विहीर दिसे. जे पसंत पडेल ते विणकर नक्षीसाठी वापरतात तसल्या चौकटींच्या कागदावर उतरवायचं, वाकड्या रेघा चौकटींना धरून सरळ करायच्या, आणि मग शेटच्या लुगड्यांतले रंग त्यात भरायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण आरसे सरकवत बसलेला दिगंबर पाहायला माणसाजवळ संताचा धीर हवा, आणि तो माझ्याजवळ नाही. मी त्या मोडक्या खुर्चीवर बसून मान लांब करून आरशात पाहत असे. काहीतरी सुंदर दिसे. मी म्हणे, “हेच. हेच घे.” तोवर याने आरसा हलवलेला असे. “अरे, ते छान होतं,” मी म्हणायचो. “हो,” तो म्हणायचा, “पण ते नुसतंच छान होतं.” कैक संध्याकाळी मी त्या घरून हात हलवत परत आलो. शिवाय एक रंग म्हणजे एक दगड. याने चार रंगांची नक्षी पाचव्या रंगावर नेली, की माझे हुसेनचाचा कपाळाला हात लावत. ते माझ्याकडे दगडावर चित्र उतरवायचं काम करत, हात असा की उलटी अक्षरं सुलट्या अक्षरांपेक्षा सुबक काढतील. ते म्हणायचे, “बाबूसाब, ये आदमी पत्थर कू बी थका देता.”

पण काम झालं, की झालेलं असे. पहिला कागद टरफलाचा. तांबूस आणि पोपटी रंगांची जाळी, तिच्या घराघरात एक लहानशी बदामी चौकट. शेटनी तो पाहिला आणि बोट लावायच्या आधी धोतराला हात पुसले. आणि त्या कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, दिगंबरने एक ओळ घालायला लावली होती : “मूळ : भुईमुगाचं टरफल.” ती कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, “कशापासून केलं ते सांगायला नको?” मला त्यात काही वावगं वाटलं नाही. टरफल, मग ज्वारीचं कणीस, मग भाकरीचा पापुद्रा. शेट खूश, छापखान्याला बरकत, वहिनींच्या चेहऱ्यावरची काळजी जरा कमी झालेली. म्हटलं, मार्गी लागलं एकदाचं.

ऐन लगीनसराईच्या तोंडावर याने पुढचा कागद केला. कागद मोठा देखणा, सोनेरी पिवळ्यावर तपकिरी पाकळ्या, पाच पाच पाकळ्यांचे झुपके एकमेकांत गुंतलेले. मी त्या आठवड्यात कागदाच्या खरेदीसाठी पुण्याला गेलो होतो, येताना कुर्डुवाडीला गाडी चुकली आणि एक दिवस उशिरा पोचलो. तोवर कागद छापून, पेट्यांत पडून, शेटच्या गोदामात गेले होते. मी छापखान्यात पाय ठेवतोय तोच शेट एक कागद नाचवत आत आले. “हे काय लिवलाव ओ?” मी वाचलं. “मूळ : शेणाची गोवरी.”

दिगंबर तिथेच बसला होता. तो शांतपणे समजावू लागला, की थापलेल्या गोवरीवर बाईच्या पाच बोटांचा ठसा उठतो आणि वाळताना त्याच्या कडा कशा… शेटनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. “नवरीच्या लुगड्यात गोवरी घालतेत का कुणी? गोवऱ्या कुठं न्हेतेत ते ठावं नाही का तुमाला?”

“चुलीत,” दिगंबर म्हणाला.

त्याच्या मनात खरोखरच चूल होती, मसणवटा नव्हता. तोच तर वैताग होता. लबाडी असती तर चार शब्द सुनावता आले असते. शेट तेलुगूत काहीतरी बोलले, ते मला कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती. हे काम हातचं गेलं असतं तर माझ्या छापखान्याला कुलूप लागलं असतं, एवढं मला पुरतं कळत होतं. शेवटी तडजोड निघाली ती अशी, की सगळ्या पेट्या उघडायच्या आणि प्रत्येक कागदाचा तेवढा कोपरा कापायचा. गोदामात आम्ही कात्र्या घेऊन बसलो : मी, हुसेनचाचा, शेटचे दोन कारकून आणि पदर खोचून वहिनीसुद्धा. दिगंबरही आला. त्याने कात्री हातात धरली नाही. कापलेले कोपरे गोळा करून तो ते एका पिशवीत भरत होता, आणि वहिनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती मी शब्दांत मांडणार नाही.

त्यानंतर शेटनी अट घातली. नक्षी करा, पण कोपऱ्यात ओळ नको. आणि दिगंबरने काम थांबवलं. नाही म्हणाला नाही, भांडला नाही, नुसता थांबला. मी रोज संध्याकाळी जाऊन त्या खुर्चीवर बसायचो. “अरे, एक ओळ. कोण वाचतं ती?” मी म्हणायचो. “कुणी वाचत नसेल तर राहू दे की,” तो म्हणायचा. एकदा मात्र तो जरा सविस्तर बोलला, आणि ते मला अजून आठवतं. तो म्हणाला, “बाबू, नक्षी आवडली आणि कुठली ते कळलं नाही, तर लोकांना वाटेल मी ती कुठून तरी आणली. मी काही आणलेलं नाही. त्यांच्याच अंगणातलं आहे, त्यांच्याच हाताखालचं. ते त्यांना सांगायचं नाही, म्हणजे त्यांचंच उचलून त्यांनाच विकल्यासारखं आहे.” मी म्हटलं, “मग उपाशी राहा.” तो म्हणाला, “ते मी बघतो. तू चहा घे.”

गुंता सुटला तो शेटच्या दुकानात. मी शेटना समजवायला गेलो होतो, म्हणजे खरं तर हातापाया पडायला. तेवढ्यात माढ्याकडची एक बाई, सोबत तिचा नवरा, लग्नाची खरेदी करायला बसले होते. कारकुनाने पेटी उघडली तर त्या बाईने लुगडं बाजूला ठेवून कागद उचलला. “ह्येचा कोपरा का कापलाय वो?” तिने विचारलं. कारकून पेटीचं झाकण लावू लागला. “माज्या जावंच्या कागदावर लिवलंय, टरफल म्हून. मास्तरानी वाचून दावलं. आता आमच्यात नवा कागद आला की समदी वळखाया बसत्यात. ह्ये काय हाय?” शेटनी माझ्याकडे पाहिलं, मी गादीकडे पाहिलं. बाईने कागद लांब धरला, जवळ धरला, मग आपली बोटं त्या पाच पाकळ्यांवर ठेवून पाहिली. “गवरी हाय न्हवं?” ती म्हणाली, आणि नवऱ्याला दाखवून हसली. “लई भारी काडलीया. माज्याच हातची वाटती की.” नवरा कागदाकडे बघून नुसता मान हलवत राहिला. तिने ते लुगडं घेतलं, आणि दुसरं घेतलं त्याचाही कागद आधी बघून घेतला.

शेटनी ओळीला परवानगी दिली. मात्र कोणती वस्तू चालेल आणि कोणती नाही, ते सरस्वतीवहिनींनी ठरवायचं असं ठरलं. वहिनींनी साधा नियम केला : हळदीकुंकवाला आलेल्या बाईसमोर ज्याचं नाव घेता येईल तेच. झालं, घरात रोज खटला उभा. कावळ्याचं पीस नामंजूर. दुष्काळात भेगाळलेला तळ्याचा तळ नामंजूर. सापाची कात त्याने आणली तेव्हा तो नागपंचमीचा दाखला देत बसला आणि वहिनी ती कात आधी घराबाहेर टाका म्हणत राहिल्या. केरसुणीवर तो हमखास हरणार असं त्याला वाटत होतं आणि वहिनींनी ती एका शब्दात मंजूर केली. दिवाळीत आपण तिची पूजा करतो हे त्याच्या लक्षातच नव्हतं. पाट्याचे टाके, सुपाची वीण, वडाची साल, घोंगडीची लोकर, असे एकामागून एक कागद निघत गेले. लांबच्या खेड्यांतून लोक शेटकडे येऊन “नवा कागुद आलाय का” म्हणून विचारू लागले. लुगडं नंतर. दिगंबरला या सगळ्याचा आनंद झाला असेल, पण त्यामुळे त्याचा वेग वाढला असं कुणी समजू नये. मी त्या खुर्चीवर बसतच होतो. बसून बसून तिचा वेत आधी सैल झाला, मग झोळीसारखा खाली आला, आणि एक दिवस मधोमध तुटला. मी म्हटलं, “तुझ्यापायी ही खुर्ची गेली.” तो म्हणाला, “अजून आहे की.”

शेवटच्या कागदावर आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते मधल्या पांढऱ्या चांदणीवरून. मी म्हटलं, “इथे रंग भर. पांढरं सोडलंस तर लोक म्हणतील छापायचं राहिलं.” तो म्हणाला, “म्हणू देत. तिथे काही नव्हतंच.” मी म्हटलं, “आणि या पट्ट्यांची टोकं मध्येच का तुटलीयत? बाकी सगळी नक्षी बिनचूक आणि इथे चूक.” तो म्हणाला, “चूक नाही ती. तसंच आहे.” मी पुष्कळ आदळआपट केली. त्याने एक रेघ हलवली नाही. मग तापाने अंथरूण धरलं, आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे.

तो गेल्यावर, वरचं चित्र बिघडू नये म्हणून दगडाला डिंक लावून तो झाकून ठेवला. दिवसकार्य झालं. शेट स्वतः दोनदा आले, पण घाई करा म्हणाले नाहीत, कागद समोर धरून बसले आणि म्हणाले, “मागाची फणी असंल का ओ?” हुसेनचाचा म्हणाले, “मेरे कू तो जाली दिखती, दर्गे की.” मला स्वतःला मधमाश्यांचं पोळं वाटत होतं, पण पोळ्याची घरं अशी नसतात. शेट म्हणाले, ओळ नसली तरी चालंल आता. मला ते चालणार नव्हतं. जन्मभर या माणसाने एका ओळीसाठी आम्हा सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं, आणि त्याचाच शेवटचा कागद मुका निघायचा? असा राग आला मला त्याचा. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला दाखवलाच नाही तो. या खेपेला मंजुरी लागायची नाही म्हणाले, तुलाही आवडेल म्हणाले.”

मग वहिनींनीच निरोप पाठवला, की ह्यांच्या फोटोच्या काचा आणि कॅमेरा घेऊन जा, घरात ते जपलं जायचं नाही. मी सकाळीच गेलो. खोली सारवायची म्हणून त्यांनी सामान वर उचलून ठेवलं होतं. खाट भिंतीला उभी, ट्रंका ओट्यावर, आणि खुर्ची टेबलावर पालथी घातलेली. चादरीची घडी काढून दोरीवर वाळत टाकली होती. खिडकीतून ऊन येत होतं आणि ते त्या पालथ्या बैठकीतून आरपार जात होतं. खालून-वरून गेलेल्या वेताच्या पट्ट्या, मध्ये अष्टकोनी घरं, आणि मधोमध, तुटक्या टोकांचं ते भोक.

मी दारातच उभा राहिलो. मला ओळखू येणार नव्हतं ते खरंच होतं. इतकी वर्षं मी त्याच्यावर बसलो होतो.

वहिनी शेणाचे हात तसेच धरून माझ्या मागे येऊन थांबल्या. मी बोट दाखवलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. “म्हणून वेतवाल्याला परत पाठवत होते,” त्या म्हणाल्या. “मी आपली आळस आळस म्हणून बोलत राहिले.” मग त्या हसल्या आणि हसता हसताच खाली बसल्या. मीही बसलो, जमिनीवरच, अर्धी ओली अर्धी कोरडी होती तिच्यावर. मला तो माणूस फार आवडत होता. हे त्याला मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा तेव्हा त्याच्याकडे माझं काहीतरी काम तुंबलेलं असायचं.

छापखान्यात येऊन मी हुसेनचाचांना ओळ सांगितली : “मूळ : वेताची खुर्ची.” त्यांनी बारीक कुंचला घेतला, शेवटच्या अक्षरापासून उलटं लिहायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबून विचारलं, “किसकी, वो नहीं लिखना?” मी नको म्हटलं. ज्याला ओळखायची तो ओळखेल. कागद आता पेट्यांतून बाहेर पडला आहे. मधलं पांढरं छापायचं राहिलं आहे, अशी तक्रार अजून तरी कुणी आणलेली नाही.

खुर्ची वहिनींनी माझ्याबरोबर धाडली. “तुमचीच आहे,” म्हणाल्या. ती दगडांच्या मांडणीशेजारी ठेवली आहे आणि अडगळ नुसती; बसता येत नाही, कुणाला बसू देववत नाही, आणि येता-जाता तिचा पाय माझ्या धोतरात अडकतो. परवा वेतवाला रस्त्याने ओरडत चालला होता, त्याला हुसेनचाचांनी आत बोलावलं. त्याने खुर्ची पालथी केली, भोकात हात घालून चारी बाजूंनी वेत ओढून पाहिला आणि म्हणाला, “सगळं काडून नवं घालावं लागंल, मालक. सांजंपत्तूर देतो की.” भाव वाजवी होता, माणूस कामाचा दिसत होता. हुसेनचाचा माझ्याकडे बघत होते.

मी त्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात ये.